पेटीत न मावलेला गांधार

दोन वर्षांपूर्वी पावसाळा सरता सरता आमच्या धर्मग्रामातील चर्चची जुनी हातपेटी दुरुस्तीस काढावी लागली. दमट हवेने पितळी सूर काळवंडले होते आणि भात्याला बारीक चीर पडली होती. कारागीर दोन दिवस सॅक्रिस्टीशेजारच्या खोलीत बसून होता. एकेक सूर बाहेर काढावा, त्याच्या जिभेवरून कानस हलकेच फिरवावी, पुन्हा जागी बसवून भाता मारावा आणि कान द्यावा, असा त्याच्या कामाचा क्रम. जिभेच्या टोकाशी घासले की सूर चढतो, बुडाशी घासले की उतरतो. आमच्या गायनमंडळातील एक शाळकरी मुलगा हे सारे उकिडवा बसून पाहत होता. त्याने आम्हांला विचारले, "फादर, कानस थोडीच फिरवली तर सूर मधेच कुठेतरी थांबतो. मग त्या मधल्या सुराला पट्टी का नाही?"

आम्ही उत्तर शोधत होतो, तोच कारागीर मान वर न करता म्हणाला, "मधल्याचं सोड रे बाळा. जी पट्टी आहे तिचा गंधारसुद्धा चढाच असतो. तसाच लावायचा असतो तो."

हे वाक्य ऐकून आम्ही चपापलो. त्याचे कारण वाचकांना सांगितले पाहिजे. आमच्या गायनमंडळात अनेक वर्षे एक वयस्क बाई गात असत. सगळे त्यांना मावशी म्हणत. लहानपणापासून लग्नातली आणि जात्यावरची गाणी वाद्याविना गाऊन त्यांचा गळा तयार झालेला होता. सरावाच्या वेळी त्यांचा गांधार पेटीच्या गांधाराहून किंचित खाली लागे, आणि आम्ही हात वर करून गाणे थांबवत असू. "मावशी, पेटीबरोबर गा." त्या "होय फादर" म्हणत आणि पुढच्या वेळी आवाज लहान करीत. शेवटी शेवटी ती ओळ आली की त्या ओठ मिटून घेत. मावशी आता देवाघरी गेल्या आहेत. चूक त्यांच्या गळ्याची होती की आमच्या पेटीची, असा प्रश्न इतक्या वर्षांत आमच्या मनाला शिवलाही नव्हता.

मुलाचा प्रश्न आणि कारागिराचे उत्तर मनात घेऊन आम्ही या विषयावर जे वाचले, ते प्रस्तुत लेखात मांडीत आहोत. बारा पट्ट्यांच्या पलीकडचे सूर हाताखाली आणण्यासाठी विद्वानांनी गेली जवळजवळ पाचशे वर्षे खटाटोप केला आहे. त्या खटाटोपाच्या आरंभी आमच्यासारखाच एक धर्मगुरू उभा आहे, आणि त्याचा एक धागा थेट आपल्या साताऱ्यापर्यंत येऊन पोहोचतो.

हिशेब का जुळत नाही

प्रथम अडचण काय ती समजून घेऊ. षड्जाची तार बरोबर अर्धी केली की वरचा षड्ज मिळतो. तिचे तीन भाग करून दोन भाग वाजवले की पंचम मिळतो. पाच भाग करून चार वाजवले की शुद्ध गांधार मिळतो. तंबोरा नीट जुळला असता खर्जाच्या तारेतून आपोआप ऐकू येतो तो हाच गांधार. येथवर सारे सोपे आहे.

आता एका षड्जापासून पंचम घ्यावा, त्या पंचमाला षड्ज मानून पुन्हा त्याचा पंचम घ्यावा, असे बारा वेळा करावे. सात सप्तके वर जाऊन आपण मूळ षड्जावर पोहोचायला हवे. प्रत्यक्षात आपण किंचित पुढे जातो. हे पुढे जाणे म्हणजे कॉमा. तसेच एकावर एक तीन शुद्ध गांधार रचले तर वरचा षड्ज यायला हवा, पण तेथे आपण कमी पडतो. देवाने दोन, तीन आणि पाच हे आकडे असे घडवले आहेत की त्यांपैकी एकाचा कितीही घात केला तरी तो दुसऱ्याच्या घाताशी कधी तंतोतंत जुळत नाही. हा दोष कारागिराचा नव्हे, हा अंकांचा स्वभाव आहे.

अलेक्झांडर एलिस या इंग्रज विद्वानाने १८८५ साली हे अंतर मोजण्याचे सोयीचे माप दिले. पेटीवरील लगतच्या दोन पट्ट्यांमधील अंतराचे त्याने शंभर भाग मानले व एका भागाला सेंट म्हटले. संपूर्ण सप्तक १२०० सेंटचे. या मापाने शुद्ध पंचम ७०२ सेंटवर येतो आणि शुद्ध गांधार ३८६ वर. पेटीवर मात्र सप्तकाचे बारा समान भाग केलेले असल्याने पंचम ७०० वर आणि गांधार ४०० वर असतो. पंचमातील दोन सेंटांची उणीव कोणाच्या लक्षातही येत नाही. गांधार मात्र चौदा सेंटांनी चढा असतो आणि हे तयार कानाला कळते. कारागीर म्हणत होता ते हेच. मावशी शुद्ध गांधाराकडे झुकत असत, आणि आम्ही त्यांना चढ्या गांधारावर ओढीत होतो.

या समान वाटणीचा लाभ मोठा आहे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कोणत्याही पट्टीला षड्ज माना, गाणे सारखेच वाजते. काळी चार असो की पांढरी दोन, गायकाच्या गळ्याप्रमाणे वादक क्षणात जागा बदलतो. प्रत्येक पट्टीशी थोडा थोडा अन्याय करून सर्वांशी सारखे वागण्याची ही व्यवस्था आहे.

छत्तीस पट्ट्यांचा धर्मगुरू

निकोला व्हिचेन्तिनो हे इटलीतील व्हिचेन्त्सा गावी १५११ साली जन्मलेले धर्मगुरू व संगीतकार. फेरारा येथील एस्ते घराण्याचे कार्डिनल दुसरे इप्पोलितो हे त्यांचे आश्रयदाते. प्राचीन ग्रीकांच्या ग्रंथांत अर्ध्या स्वराहूनही लहान अंतरांचे वर्णन आहे. ते संगीत पुन्हा कानी पडावे, हा त्यांचा ध्यास होता. १५५१ साली रोममध्ये व्हिचेन्ते लुसितानो या पोर्तुगीज संगीतज्ञाशी त्यांचा जाहीर वाद झाला. चालू काळाचे संगीत ग्रीकांच्या एकाच प्रकारात बसते असे लुसितानो म्हणत, तर त्यात तिन्ही प्रकारांचे मिश्रण आहे असे व्हिचेन्तिनोंचे म्हणणे. पोपच्या गायनवृंदातील दोन गायक पंच होते. त्यांनी लुसितानोंच्या बाजूने निकाल दिला व पैजेचे दोन सुवर्ण स्कुदी व्हिचेन्तिनोंना मोजावे लागले.

हरलेला मनुष्य एक तर गप्प बसतो किंवा ग्रंथ लिहितो. व्हिचेन्तिनोंनी १५५५ साली रोममध्ये आपला मोठा ग्रंथ छापला आणि त्यात आपल्या नव्या वाद्याची सविस्तर रचना दिली. त्या वाद्याचे नाव आर्किचेंबालो. त्यात सप्तकाला छत्तीस पट्ट्या होत्या आणि एकूण १३२. पट्ट्यांचे दोन मजले, आणि स्वरांच्या एकंदर सहा ओळी. एका पूर्ण स्वराचे पाच भाग करावेत, अशी त्यांची योजना होती. या योजनेमागील त्यांचा एक विचार आम्हांला फार मोलाचा वाटतो. जगातील निरनिराळ्या लोकांच्या बोलण्यात जे चढउतार असतात ते केवळ पूर्ण आणि अर्ध्या स्वरांत मावत नाहीत. म्हणून त्या सर्वांना जागा देऊ शकेल असे वाद्य हवे, असे त्यांनी लिहिले. त्यांच्या पट्ट्या वाढल्या त्या गणिताच्या हौसेने तितक्याच मनुष्याच्या वाणीपोटी.

हे वाद्य फेराराच्या दरबारात होते व लुत्सास्को लुत्सास्की हा थोर वादक ते वाजवीत असे. परंतु सुरात लावण्यास आणि वाजवण्यास अतिशय कठीण म्हणून ते क्वचितच उपयोगात येई, अशी नोंद त्या शतकाच्या अखेरीस एका इटालियन लेखकाने करून ठेवली आहे. त्याच कल्पनेवर व्हेनिसच्या वितो त्रासुन्तिनो या कारागिराने १६०६ साली सप्तकाला एकतीस पट्ट्यांचे वाद्य घडवले. ते आजही बोलोन्याच्या संगीत संग्रहालयात पाहावयास मिळते. व्हिचेन्तिनो स्वतः आयुष्याच्या उत्तरार्धात मिलान येथे एका धर्मग्रामाची सेवा करीत होते आणि तेथेच प्लेगच्या साथीच्या काळात, सुमारे १५७६ साली, निवर्तले.

त्यांच्या वाद्याचे दुखणे कोठे होते? सूर पुष्कळ होते, पण हाताला त्यांची वाट सापडत नव्हती. जुन्याच काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या फटीत नव्या पट्ट्या कोंबलेल्या होत्या. एका षड्जावरून शिकलेले बोट दुसऱ्या षड्जावर निरुपयोगी ठरे. प्रत्येक जागेसाठी नवा अभ्यास करावा लागे. घर वाढवताना कोठेही खोली काढली की शेवटी माणूस आपल्याच घरात चुकतो, तसे ते झाले होते.

चौकटीच्या वहीचे एक पान

ख्रिस्तियान हुयगेन्स या डच शास्त्रज्ञाने १६९१ साली प्रसिद्ध केलेल्या पत्रात सप्तकाच्या एकतीस समान भागांचा हिशेब नव्या गणिताने मांडून दाखवला. एक भाग साधारण ३९ सेंटांचा. यात दहा भागांवर येणारा गांधार ३८७ सेंटांचा, म्हणजे शुद्ध गांधाराहून जेमतेम एक सेंट वेगळा. पंचम मात्र अठरा भागांवर, ६९७ सेंटांवर येतो व पाच सेंटांनी उतरतो. काही मिळवायचे तर काही सोडावे लागते, हा नियम येथेही सुटत नाही.

आता सूर एकतीस झाले, पण ते मांडायचे कसे? आम्ही त्या मुलाला जे करून दाखवले, तेच वाचकांनी घरी करून पाहावे. मुलांच्या गणिताच्या, चौकटी आखलेल्या वहीचे एक पान घ्यावे. मध्यावर डावीकडील एका खणात शून्य लिहावे. हा षड्ज. एक खण उजवीकडे गेले की पाच मिळवायचे. एक खण वर गेले की दोन मिळवायचे व एक खण खाली आले की दोन वजा करायचे. एवढ्या नियमाने सारे पान भरून टाकावे.

मग सरगम शोधावी. षड्ज शून्यावर, ऋषभ पाचावर, गांधार दहावर. हे तिघे एकाच ओळीत शेजारी शेजारी येतात. मध्यम तेरावर असतो. तो पुढच्याच उभ्या रांगेत, पण एक ओळ खाली सापडतो. त्यानंतर त्याच खालच्या ओळीत पंचम अठरावर, धैवत तेवीसवर आणि निषाद अठ्ठावीसवर. वरचा षड्ज एकतीसवर, तो आणखी एक ओळ खाली. तीन खण, पायरी, चार खण, पायरी, असा हा आकार.

आता पानावरील कोणत्याही खणाला षड्ज माना आणि हाच आकार तेथून काढा. सरगम बरोबरच येते. एकदा हाताला आकार बसला की तो सर्वत्र चालतो. शिवाय कोमल गांधार शुद्ध गांधाराच्या बरोबर खालच्या खणात, कोमल धैवत शुद्ध धैवताच्या खाली, आणि तीव्र मध्यम शुद्ध मध्यमाच्या बरोबर वर. उतरलेला सूर खाली आणि चढवलेला वर, हे तर लहान मुलालाही समजावे. पेटीवर एकच काळी पट्टी पंचमाचा चढा सूर म्हणून आणि धैवताचा कोमल सूर म्हणूनही वापरली जाते. पानावर पाहिले तर पंचमाच्या वरच्या खणात वीस आहेत व धैवताच्या खालच्या खणात एकवीस. दोघांना आपापले घर मिळाले.

पानावर आणखी एक गंमत दिसेल. दोन खण उजवीकडे आणि पाच खण खाली गेल्यास पुन्हा तोच आकडा येतो. म्हणजे एकच सूर अनेक खणांत वसतो. हा अपव्यय नव्हे. पानाच्या काठाशी आलेल्या बोटांना आकार न मोडता पुढे जाता यावे, म्हणून ही पुनरुक्ती आवश्यक असते.

ऑक्सफर्डहून साताऱ्यास

पट्ट्यांची अशी जाळीदार मांडणी प्रथम पूर्ण विचाराने प्रत्यक्षात आणण्याचे श्रेय रॉबर्ट बोसांकेट (१८४१–१९१२) या ऑक्सफर्डच्या विद्वानाला दिले जाते. १८७२–७३ च्या सुमारास त्याने एक पायपेटी घडवून घेतली. तिच्यात सप्तकाला चौऱ्याऐंशी पट्ट्या होत्या, बाराबारांच्या सात रांगांत, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या मागे मागे चढत जाणाऱ्या. सप्तकाचे त्रेपन्न भाग केले की पंचम जवळजवळ निर्दोष होतो आणि गांधारही केवळ सव्वा-दीड सेंटाने चुकतो. त्या त्रेपन्न सुरांसाठी ही मांडणी होती. उरलेल्या एकतीस पट्ट्या पुनरुक्तीच्या, म्हणजे हाताला काठ लागू नये म्हणून. आमच्या वहीच्या पानाचे आणि तिचे तत्त्व एकच. १८७६ साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील शास्त्रीय उपकरणांच्या प्रदर्शनात ती ठेवली होती, आणि पुढे तेथील विज्ञान संग्रहालयात तिचे जतन झाले.

याच बोसांकेटने १८७७ साली रॉयल सोसायटीपुढे हिंदू संगीतातील सप्तकाच्या विभागणीवर निबंध सादर केला. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात सप्तकाच्या बावीस श्रुती सांगितल्या आहेत. षड्जाच्या चार, ऋषभाच्या तीन, गांधाराच्या दोन, मध्यमाच्या चार, पंचमाच्या चार, धैवताच्या तीन, निषादाच्या दोन. या बावीस श्रुती समान मानल्या तर काय होते, हा त्यातील मुख्य प्रश्न. वाचकही तो सोडवू शकतील. षड्जापासून पंचमापर्यंत तेरा श्रुती होतात. समान वाटणीने त्या ७०९ सेंटांच्या भरतात, म्हणजे पंचम सात सेंटांनी चढतो. आपल्या तंबोऱ्याला इतका चढा पंचम सोसणारा नाही. तेव्हा श्रुती समान तरी नव्हेत किंवा ते आकडे मोजमापाचे तरी नव्हेत.

हाच प्रश्न तीसएक वर्षांनी महाराष्ट्रात कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी हाती घेतला. देवल हे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले डेप्युटी कलेक्टर. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या गाण्याच्या साहाय्याने त्यांनी सुरांचे मोजमाप केले आणि बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ १९१० साली प्रसिद्ध केला. त्यांच्या मते श्रुती असमान होत्या, पण प्रत्येकीचे स्थान निश्चित होते. साताऱ्याचे जिल्हा न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमंट्स यांना ही कल्पना पटली. दोघांच्या प्रयत्नांतून श्रुतींची पेटी विलायतेत तयार करवून घेण्यात आली. ज्या वाद्यावर चढ्या गांधाराचा ठपका होता, त्याच वाद्याकडून श्रुती वदवून घेण्याचा तो प्रयत्न होता.

मार्च १९१६ मध्ये महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाखाली बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. पंडित विष्णू नारायण भातखंडे हे तिचे सूत्रधार. तेथे देवल आणि क्लेमंट्स यांची पेटी मांडली गेली, तिची चर्चा झाली, आणि उस्तादांच्या गळ्यांपुढे तिचा दावा परिषदेला पटला नाही. रोमच्या वादानंतर ३६५ वर्षांनी बडोद्यासही अधिक सुरांची बाजू हरली. फरक एवढाच की रोममध्ये अधिक सूर मागणारा हरला तो प्रचलित शास्त्रापुढे, तर बडोद्यास हरला तो जिवंत गाण्यापुढे.

पुढे शास्त्रानेही या निर्णयाला दुजोरा दिला. नाझिर जयराजभॉय आणि स्टोन या अभ्यासकांनी १९६३ साली उत्तर हिंदुस्थानी वादकांच्या ध्वनिमुद्रणांचे मोजमाप प्रसिद्ध केले. एकाच कलावंताचा एकाच रागातील तोच सूर दर वेळी नेमक्या एकाच जागी लागत नाही, असे त्यांना आढळले. रसिकांना यात नवल वाटणार नाही. दरबारी कानड्याचा आंदोलित कोमल गांधार कोणत्या खणात ठेवाल? तो एका जागी उभाच राहत नाही. हेलकावा हाच त्याचा प्राण आहे. भूपातील गांधार, यमनातील गांधार, ही आधी गाण्यातील वळणे आहेत, बिंदू नंतर.

मग देवलांचे श्रम वाया गेले काय? आम्हांला तसे वाटत नाही. त्यांच्यामुळे निदान प्रश्न तरी आकड्यांत मांडला गेला. पेटीचे सूर आणि गळ्याचे सूर वेगळे आहेत, हे त्यांनी ओरडून सांगितले. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली हार्मोनियमला बंदी घातली, ती अनेक वर्षे टिकली व १९७१ पासून सैल झाली. त्या बंदीमागेही हाच जुना वाद होता. आपल्याकडे डॉ. विद्याधर ओक यांनी आपल्या काळात बावीस श्रुतींची हार्मोनियम सिद्ध केली. तिच्यात षड्ज व पंचम अचल ठेवून उरलेल्या दहा पट्ट्यांना प्रत्येकी दोन सूर दिले आहेत. पट्ट्या बाराच राहिल्याने हाताची सवय मोडत नाही. व्हिचेन्तिनोंच्या वाद्याला जे साधले नाही, ते येथे वेगळ्या वाटेने साधले आहे.

जाळीचे पुनरागमन

बोसांकेटची मांडणी मात्र मेली नाही. आद्रियान फोकर हे डच भौतिकशास्त्रज्ञ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हुयगेन्सच्या लेखनाकडे वळले आणि त्या एकतीस भागांच्या प्रेमात पडले. त्यांच्या योजनेप्रमाणे हार्लेम येथील टेलर संग्रहालयात १९५० साली एकतीस सुरांचा मोठा ऑर्गन उभा राहिला. त्याच्या पट्ट्या आमच्या वहीच्या पानासारख्या जाळीत मांडलेल्या आहेत. २००९ साली तो ॲमस्टरडॅमच्या संगीतगृहात हलवण्यात आला. निवर्तलेल्या व्हिचेन्तिनोंना आपले एकतीस सूर अशा रीतीने हातात बसलेले पाहून केवढा आनंद झाला असता!

अमेरिकेत अर्व्ह विल्सन (१९२८–२०१६) यांनी मधाच्या पोळ्यासारख्या षट्कोनी पट्ट्यांचे आराखडे आयुष्यभर काढले. षट्कोनाला सहा शेजारी असतात, म्हणून एका सुरावरून सहा दिशांना जाता येते. इलेक्ट्रॉनिक युग आल्यावर तर पितळी सूर आणि नळ्यांचे बंधनच सुटले. आज २८० षट्कोनी पट्ट्यांचे ल्यूमाटोन नावाचे वाद्य मिळते. त्याच्या कोणत्याही पट्टीला कोणताही सूर व कोणताही रंग देता येतो. आज एकतीस, उद्या त्रेपन्न, परवा बावीस. जे घडवण्यास बोसांकेटला कारखाना लागला, ते आता बसल्या जागी बदलता येते.

तरीही एक काम यंत्र करीत नाही. कोणत्या खणात कोणता सूर ठेवायचा, हे कोणाला तरी ठरवावे लागते. ठरवणाऱ्याने कोणाचे गाणे ऐकले आहे, यावर ते अवलंबून राहते. व्हिचेन्तिनोंनी रस्त्यावरच्या बोलण्याला कान दिला, देवलांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याला. दोघांची वाद्ये अडचणीत आली, पण दोघांनी आरंभ ऐकण्यापासून केला होता. आम्ही मात्र मावशींना वर्षानुवर्षे दुरुस्त करीत होतो आणि त्यांचे गाणे कधी ऐकून घेतले नव्हते. पेटी हे आमचे प्रमाण होते, आणि त्या प्रमाणाचा इतिहास आम्हांला ठाऊक नव्हता. बारा समान भाग ही माणसांनी सोयीसाठी केलेली तडजोड आहे. आम्ही तिला नियम समजलो.

व्हॅटिकन महासभेने १९६३ साली उपासनेविषयीच्या संविधानात निरनिराळ्या देशांतील लोकांच्या संगीतपरंपरेला योग्य मान देण्यास सांगितले. सेमिनरीत आम्ही तो परिच्छेद वाचला होता, परीक्षेत लिहिलाही होता. त्या परंपरेत एका वृद्ध स्त्रीच्या गळ्यातील चौदा सेंटांचा फरकही येतो, हे आम्हांला एका पेटी दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून कळावे लागले.

पेटी दुरुस्त होऊन आली. तिच्यावर आमचा राग नाही. शंभर माणसांना एका सुरात आणण्याचे तिचे काम ती आजही चोख करते, आणि सणासुदीला तिच्याविना आमचे भागत नाही. मात्र स्तोत्राची एकल कडवी आली की आम्ही आता वादकाला पट्ट्यांवरचे हात उचलावयास सांगतो. षड्ज-पंचमाचा तंबोरा तेवढा चालू राहतो आणि गाणारा आपला गांधार आपण शोधतो. गेल्या महिन्यात मावशींची नात प्रथमच ते कडवे गायली. तिचा गांधार पेटीच्या किंचित खाली लागला. सवयीने आमचा हात वर जाऊ लागला होता. तो आम्ही खाली घेतला.